सोडल्याची गणती

ज्याने घर सोडले, वित्त सोडले, सोयरेधायरे सोडले, त्याच्यापाशी अखेरीस एकच वस्तू शिल्लक राहते. ती म्हणजे आपण हे सारे सोडले, ही जाणीव. ही वस्तू हाताने टाकता येत नाही, कोणास देऊन टाकता येत नाही, आणि जो जो ती टाकण्याचा यत्न करावा तो तो तिच्यात भरच पडते. गेल्या चातुर्मासात एका तरुण साधकाने मला सहज विचारले, "बाबा, आपण किती पुढे आलो हे ओळखण्याची काही खूण आहे का?" प्रश्न निष्कपट होता. मी त्यास जे उत्तर दिले ते त्याला पटलेसे दिसले, मला मात्र पटले नाही. कारण उत्तर देताना माझ्याच मनात माझी स्वतःची वर्षे मोजली जात होती, हे माझ्या ध्यानात आले.

या प्रश्नाचा विचार करताना बौद्धांचे पाली ग्रंथ पुन्हा चाळण्याचा योग आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जो दीक्षाविधी झाला, त्यानंतर विदर्भातील कित्येक गावी मठाच्या शेजारीच विहार उभा आहे, आणि शेजाऱ्याचे शास्त्र ठाऊक नसावे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. सिद्धांताचा भेद उघड आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य मानणारे आपण, आणि नित्य असा जीवच न मानणारे ते. तो वाद येथे मांडावयाचा नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. या परंपरेने एकीकडे साधनेच्या पायऱ्या अत्यंत काटेकोरपणे मोजल्या, आणि दुसरीकडे कोणतीही गोष्ट चित्ताने धरून बसू नये असे सांगितले. पायरी ही देखील एक गोष्टच आहे. मग पायरीवर उभे राहायचे आणि पायरी धरायची नाही, हे साधायचे कसे?

प्रथम 'धर्म' या शब्दाविषयी. पालीतील 'धम्म' म्हणजे केवळ उपदेश नव्हे. जे जे अनुभवास येते, रूप, वेदना, विचार, समाधीचे सुख, ते ते सर्व 'धर्म' या एका शब्दात येते. मज्झिमनिकायाच्या चूळतण्हासंखय सुत्तात अशी कथा आहे की, श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात देवांचा राजा शक्र बुद्धांकडे आला आणि तृष्णेच्या क्षयाने मुक्त झालेला भिक्षू थोडक्यात कसा ओळखावा, असे त्याने विचारले. उत्तराचा आरंभ असा की, कोणताही धर्म अभिनिवेशास पात्र नाही, हे त्या भिक्षूने ऐकलेले असते. मग तो सर्व धर्म जाणतो, पारखतो, आणि सुखाची वा दुःखाची जी वेदना उठेल तिच्यात अनित्यता पाहत राहतो. जगात काहीही पकडत नाही, म्हणून क्षोभ पावत नाही. शक्र आनंदाने परत गेला. जवळच बसलेल्या मोग्गल्लानास मात्र शंका आली की, याला हे समजले की नुसते आवडले? ती पाहण्यासाठी तो देवलोकी गेला, तर शक्र दिव्य वाद्यांच्या मेळाव्यात रमलेला. आम्हांस फार कामे असतात, ऐकलेले चटकन विसरते, अशी काहीशी सबब सांगून त्याने पाहुण्याला आपला वैजयंत प्रासाद फिरून दाखविण्यास आरंभ केला. मोग्गल्लानाने पायाच्या अंगठ्याने तो प्रासाद हलविला. तेव्हा शक्राच्या अंगावर काटा आला आणि ऐकलेला उपदेश त्याने अक्षरशः म्हणून दाखविला.

कथा विनोदी आहे, आणि तिच्यातील विनोद आपल्यावरच उलटतो. अनासक्तीवरील निरूपण ऐकून आपण संतोष पावतो आणि त्या संतोषाचाच एक प्रासाद बांधतो. पाठ असणे वेगळे. शक्रास पाठ होतेच.

आता पायऱ्या. बौद्ध परंपरेत आर्यमार्गाची चार फळे सांगितली आहेत : स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि अर्हत्. त्यांचे माप काय मिळाले यावरून ठरत नाही, काय तुटले यावरून ठरते, ही या मोजणीतील पहिली लक्षणीय गोष्ट होय. दहा संयोजने, म्हणजे जीवाला संसाराशी जखडणारी दहा बंधने, मानली आहेत. पहिल्या फळाशी तीन तुटतात : देह, वेदना आदी पाच स्कंधांत 'मी' किंवा 'माझे' पाहणारी सत्कायदृष्टी, विचिकित्सा म्हणजे शंका, आणि शीलव्रतपरामर्श. हा प्रवाहात पडलेला मनुष्य अधिकात अधिक सात जन्मांत पार होतो. सकृदागाम्याचे राग, द्वेष, मोह पातळ होतात, पण नवे बंधन तुटत नाही. अनागाम्याचा कामराग आणि प्रतिघ म्हणजे चित्तातील चीड ही दोन्ही तुटतात. उरलेली पाच, म्हणजे रूपराग, अरूपराग, मान, औद्धत्य आणि अविद्या, अर्हत्पदीच तुटतात.

येथे क्षणभर थांबावे. शीलव्रतपरामर्श, म्हणजे केवळ व्रताचरणानेच शुद्धी होते असे मानून व्रताला चिकटणे, हे पहिल्याच पायरीशी गळते. आणि तरीही त्या पायरीवरील मनुष्याचे शील अखंड असते. व्रत पाळावयाचे, पण त्याच्या बळावर स्वतःला शुद्ध ठरवावयाचे नाही. आपणां व्रतस्थांच्या जिव्हारी लागावी अशी ही गोष्ट आहे. त्याहून मोठे नवल मानाच्या स्थानाचे. कामवासना गेली, क्रोध गेला, पुन्हा या लोकी जन्म घेणे उरले नाही, तरी 'मान' शाबूत! 'मी'विषयीचे मत पहिल्या पायरीवर जाते आणि 'मी आहे' ही चव शेवटच्या पायरीपर्यंत राहते. मत बुद्धीत असते, ते ज्ञानाने जाते. चव कोठे असते, हे सांगणे अवघड आहे.

ते सांगण्याचा एक प्रयत्न संयुत्तनिकायात खेमक नावाच्या भिक्षूच्या तोंडी आला आहे. कोसंबीनगरीतील घोषितारामात पुष्कळ स्थविर राहत होते आणि खेमक बदरिकारामात आजारी पडला होता. स्थविरांनी दासक नावाच्या भिक्षूस त्याच्याकडे पाठविले. प्रकृतीची विचारपूस झाली. मग पाच स्कंधांपैकी कशात तुला आत्मा किंवा आत्मीय दिसते का, असा प्रश्न गेला. नाही, असे उत्तर आले. तर मग तू अर्हत् झालास, असा निरोप गेला. त्यावर खेमकाने कळविले की, नाही, मी अर्हत् नाही. या एकाही स्कंधाला मी 'हा मी' म्हणत नाही, तरी 'मी आहे' असे काही उरले आहे. दासकाच्या खेपांवर खेपा झाल्या. शेवटी आजारी खेमकच काठी मागवून, तिच्या आधाराने चालत स्थविरांकडे आला. त्याने दोन दृष्टांत दिले. कमळाचा गंध पाकळीचा, देठाचा की केसरांचा? यांपैकी कोणा एकाचा म्हणता येत नाही, फुलाचा म्हणावा लागतो; तसा हा 'मी' कोणा एका स्कंधाचा नव्हे. दुसरा दृष्टांत मळक्या वस्त्राचा. परीट ते खारट माती, क्षार आणि शेण लावून चोळतो, स्वच्छ पाण्यात खळबळून काढतो. मळ जातो, पण ज्या द्रव्यांनी मळ काढला त्यांचाच वास वस्त्राला राहतो. ते सुवासिक पेटीत ठेवावे, तेव्हा तो वास हळूहळू विरतो.

हा दुसरा दृष्टांत मला अत्यंत मोलाचा वाटतो. मळाची आसक्ती सर्वांना दिसते. साबणाचा वास हा मळ नव्हे, म्हणून त्याकडे कोणी दोष म्हणून पाहत नाही. किंबहुना तो आल्याखेरीज वस्त्र धुतले असे आपणांस वाटतच नाही. तपाचा वास, त्यागाचा वास, निरूपणाचा वास हा त्याच जातीचा. सुत्तात पुढे असे सांगितले आहे की, हे बोलत असतानाच खेमकाचे आणि ऐकणाऱ्या सुमारे ६० स्थविरांचे चित्त मुक्त झाले. 'मी अजून पोचलो नाही' हे नेमके सांगता सांगता तो पोचला.

उपदेशाचीच आसक्ती जडते तेव्हा काय होते, याचेही स्पष्ट उत्तर या ग्रंथांत आहे. अट्ठकनगर सुत्तात आनंद हा दसम नावाच्या गृहस्थास सांगतो की, साधक एखादे ध्यान साधून त्यातही अनित्यता पाहतो आणि बहुधा सर्व आस्रवांचा क्षय करतो. पण तसे झाले नाही, तर धर्माविषयीच्या त्याच अनुरागामुळे, त्याच आनंदामुळे तो अनागामी होतो. म्हणजे धर्मप्रेम तिसऱ्या पायरीपर्यंत आणते आणि तेथेच अडविते. येथे धर्मप्रेमाची निंदा केलेली नाही; त्याचे फळ मोठे म्हटले आहे. फक्त ते शेवटचे नाही, इतकेच. पैलतीरी पोचल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालू नये, हा सर्वश्रुत दृष्टांत याच अर्थाचा आहे.

तथापि त्या दृष्टांताचा दुरुपयोगही फार होतो. धर्मसुद्धा सोडावयाचा आहे ना, मग नियम तरी कशाला, असे म्हणणारे वाचाळ लोक प्रत्येक संप्रदायात निघतात. अशांनी तो दृष्टांत ज्या सुत्तात आला आहे ते आरंभापासून वाचावे. अरिट्ठ नावाचा भिक्षू, ज्या गोष्टींना विघ्नकारक म्हटले आहे त्या भोगणाऱ्याला विघ्न करीत नाहीत, असे म्हणू लागला. त्याच्या समाचाराने सुत्त सुरू होते. मग सापाचा दृष्टांत येतो : साप शेपटीकडून धरणारा चावला जातो, तसा उपदेश चुकीच्या बाजूने धरणारा. आणि त्यानंतर तराफा येतो. क्रम पाहिला की अर्थ लपत नाही. तराफा पैलतीरी सोडावयाचा असतो. मध्यप्रवाहात सोडणाऱ्याला अनासक्त म्हणत नाहीत, बुडालेला म्हणतात.

पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात राहून बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' लिहिला. आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाच्या पाठशुद्धीसाठी अनेक वर्षे वेचली. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. हार्वर्डच्या मालेतील आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाली. या ग्रंथात विपश्यनेच्या दहा उपक्लेशांचे प्रकरण आहे. साधकाला ध्यानात प्रकाश दिसू लागतो, प्रीती दाटते, चित्त शांत होते, श्रद्धा बळावते, स्मृती स्थिर होते, उपेक्षा साधते. या सर्व चांगल्या गोष्टी होत. पण जे पूर्वी कधी अनुभवले नव्हते ते आले म्हणून साधक समजतो की हाच मार्ग, हेच फळ. मूळचे ध्यान टाकून तो प्रकाशच न्याहाळीत बसतो. बुद्धघोषाने येथे एक बारीक भेद केला आहे. प्रकाशादी पहिले नऊ हे स्वतः दोष नव्हेत, दोषाला जागा देतात म्हणून त्यांना उपक्लेश म्हटले. दहावी जी निकंती, म्हणजे या सर्वांविषयीची सूक्ष्म गोडी, ती मात्र स्वतःच दोष. सुखाला दोष न लावता सुखाच्या गोडीला दोष लावणे, हे आसक्तीचे खरे निदान होय.

त्याच प्रकरणात महानाग स्थविराची कथा आहे. उच्चवालिक येथे राहणारा हा विद्वान स्थविर ६० वर्षे समाधिबळावर विकार दाबून राहिला आणि आपण अर्हत् झालो असे समजत होता. त्याने लबाडी केली नाही. त्याला खरोखरच तसे वाटत होते, कारण विकार डोकेच वर काढीत नव्हता. त्याच्याच हाताखाली शिकलेला धम्मदिन्न हा खरा अर्हत्. गुरूची ही स्थिती जाणून तो भेटीस आला. त्याने प्रश्न विचारले, गुरूने नीट उत्तरे दिली. मग त्याने विनंती केली की, ऋद्धिबळाने एक हत्ती निर्माण करावा. गुरूने पांढराशुभ्र हत्ती निर्माण केला. आता तो कान फेंदारून, शेपटी ताठ करून, सोंड तोंडात घालून, भयंकर चीत्कार करीत आपल्याच अंगावर येईल असे करावे. तेही गुरूने केले. हत्ती धावून येताच गुरू उठून पळू लागला. शिष्याने त्याच्या वस्त्राचा पदर धरला आणि विचारले की, ज्याचे आस्रव क्षीण झाले त्यास भय असते काय?

आपणच निर्माण केलेल्या हत्तीला आपणच भ्यावे! कथेची खरी उंची मात्र याच्यापुढे आहे. साठ वर्षांचा मान एका क्षणी उतरलेला तो वृद्ध स्थविर शिष्याच्या पायाशी बसला आणि आता मला आधार दे असे म्हणाला. शिष्याने ध्यानविषय दिला. तो घेऊन चंक्रमणावर गेलेला स्थविर तिसऱ्या पावलाला अर्हत् झाला, असे ग्रंथ सांगतो. तीन पावले आणि साठ वर्षे यांचे गणित जुळवीत मी पुष्कळ वेळ बसलो होतो. ती साठ वर्षे फुकट गेली नव्हती, अडून राहिली होती, असेच म्हणावे लागते. आणि अडले ते कशापाशी, तर आपण पोचलो या एका समजुतीपाशी.

म्हणूनच विनयाने या बाबतीत जे नियम केले आहेत ते मला केवळ शिस्तीचे वाटत नाहीत. कथा अशी : वज्जी देशात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीच्या तीरी वर्षावास करणाऱ्या भिक्षूंनी युक्ती काढली. अमुक भिक्षूला अमुक ध्यान साधले आहे, अमुक तर अर्हत् आहे, असे ते गृहस्थांपुढे परस्परांविषयी सांगू लागले. बिचाऱ्या गृहस्थांनी पोरांच्या तोंडचा घास काढून त्यांना वाढला. वर्षावास संपवून सर्व भिक्षू बुद्धांच्या भेटीस जमले, तेव्हा इतर कृश व निस्तेज, आणि हे तेवढे धष्टपुष्ट! त्यावरून नियम झाला की, नसलेली लोकोत्तर प्राप्ती सांगणारा भिक्षू संघातून कायमचा गेला. चार पाराजिकांपैकी हे चौथे. मैथुन, चोरी आणि मनुष्यवध यांच्या पंक्तीचे. पुढे एक अपवाद जोडला गेला : ज्याला गैरसमजाने खरोखरच तसे वाटले, त्यास हा दोष नाही. महानाग या अपवादात बसतो.

पण सर्वांत विचारणीय नियम तिसराच आहे. प्राप्ती खरी असली, तरी ती भिक्षुसंघाबाहेरील माणसास सांगणे हाही दोष मानला आहे. लहानसा, पण दोषच. खोटे बोलू नये हे कोणीही सांगेल. खरे असूनही सांगू नये, हे का? मला वाटते, सांगितलेली पायरी तत्क्षणी दुसऱ्याच्या दृष्टीत वस्तू होते, तिची किंमत ठरते, आणि ती किंमत भिक्षापात्रात पडू लागते. ज्याचा मान समूळ गेला आहे त्यास यापासून अपाय नाही. परंतु ऐकणाऱ्यास आहे, कारण तो मग उपदेश ऐकत नाही, पायरी पाहतो.

दुसऱ्याची पायरी मोजण्याविषयी तर याहून कडक बजावले आहे. मृगसाला नावाची उपासिका आनंदास विचारते : माझे वडील पुराण ब्रह्मचारी राहिले, चुलते इसिदत्त ब्रह्मचारी नव्हते, स्वपत्नीत संतुष्ट असे गृहस्थ होते, भगवंतांनी मात्र दोघेही सकृदागामी झाले असे सांगितले. हा काय न्याय? तिच्याविषयी त्या सुत्तात कठोर शब्द आले आहेत. मला तिचा प्रश्न रास्तच वाटतो. आपल्यापैकी कोणीही तो विचारला असता. पण उत्तर विसरण्याजोगे नाही. माणसांची मापे घेत बसू नका, असे बुद्ध सांगतात. बाहेरून दोघे सारखे दिसतात, आतला प्रवाह कोणाला वाहून नेतो हे मोजणाऱ्यास दिसत नाही, आणि मोजणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो. शाक्य कुळातील सरकानी हा मद्य पिणारा गृहस्थ मेला आणि तो स्रोतापन्न होता असे सांगण्यात आले, तेव्हाही शाक्यांनी असाच गिल्ला केला होता. मरणसमयी त्याने शिक्षा स्वीकारली होती, असे बुद्धांनी त्यांना सांगितले. शेजाऱ्यांनी त्याचे पिणे पाहिले होते. शेवटची घटका कोणी पाहिली होती?

येथे कोणी म्हणेल की, सांगायचे नाही, मोजायचे नाही, धरायचे नाही, तर पायऱ्या सांगितल्याच कशाला? या आक्षेपाला उत्तर मला महानाम शाक्याच्या प्रसंगात सापडते. हा गृहस्थ एकदा बुद्धांना म्हणाला की, आपली व भिक्षूंची सेवा करून मी संध्याकाळी कपिलवस्तूत शिरतो. तेथे हत्ती, घोडे, रथ, गाडे यांची गर्दी. त्या गोंधळात माझे स्मरण सुटते. तशातच मरण आले तर माझी गती काय? प्रपंचात राहून साधना करणाऱ्या प्रत्येकाचे हे भय आहे. बुद्धांनी त्यास भिऊ नकोस म्हणून सांगितले. तुपाचे मडके खोल पाण्यात फुटले तर खापऱ्या तळाशी जातात, तूप वर येते. श्रद्धा, शील, श्रुत, त्याग व प्रज्ञा यांनी दीर्घकाळ भावित झालेले चित्त तसेच वर जाते. पायरीचा उपयोग असा आहे. भ्यालेल्यास धीर द्यावा, पण चढलेल्यास मिरवू देऊ नये.

आणि खुणेविषयी म्हणाल तर, महापरिनिब्बान सुत्तात आनंद नादिका गावातील एकेका मृत उपासकाचे नाव घेऊन त्याची गती विचारू लागतो. बुद्ध उत्तरे देतात, पण प्रत्येक मेलेल्या माणसाबद्दल असे विचारीत राहणे हे त्रासाचे आहे असेही म्हणतात, आणि त्याऐवजी 'धर्मादर्श' देतात. आदर्श म्हणजे आरसा. बुद्ध, धर्म, संघ यांवर अढळ श्रद्धा आणि न तुटलेले शील आपल्यात आहे का, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे. या आरशात प्रकाश, ऋद्धी, समाधीची घटिकापळे यांपैकी काहीच दिसत नाही. शिवाय आरशात शेजाऱ्याचे तोंड पाहावयाचे नसते.

त्या तरुणास मी गेल्या वर्षी जे सांगितले होते त्यात मौन, एकांत, निद्रेचे प्रमाण अशा बऱ्याच खुणा होत्या. त्या सर्व हत्ती निर्माण करण्याच्या जातीच्या होत्या, हे मला आता दिसते. तो यंदा पुन्हा आला, तर शेवटचा राग केव्हा आला आणि कोणावर, एवढेच मी त्यास विचारणार आहे. तो मलाही तेच विचारील. तो वयाने लहान असला तरी तेवढी मोकळीक मी त्यास देऊन ठेवली आहे. आणि खरे सांगायचे तर, माझे उत्तर अद्याप तयार नाही.